मुळासकट तेरडा

प्रिय आई,

आज संध्याकाळी गौरी-गणपती पाण्यात गेले. मखर रिकामं झालंय, घरात कापराचा वास तेवढा उरलाय. मे महिन्यापासून मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडतेय. ते भांडण परवा मिटलं, म्हणून लिहायला बसले. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर शिकवायच्या, पत्रात आधी समोरच्याची प्रकृती विचारावी. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता तुमची काय विचारू? माझीच सांगते.

मे महिन्यात बाजारातून येताना सहा आसनी रिक्षातून उतरत होते. साडीचा काठ पत्र्यात अडकला आणि उजवा पाय असा काही मुडपला की घोट्याची दोन्ही बाजूंची हाडं मोडली. ऑपरेशन झालं, आत प्लेट बसली, स्क्रू बसले. शुद्धीवर आल्यावर पहिलं कोण आठवलं, सांगू? तुम्ही! तुमचाही घोटाच मोडला होता ना.

ती खिडकीजवळची तुमची खाट! हाड जुळलं, डॉक्टर चाला म्हणाले. मी वॉकर पुढे धरायचे आणि तुम्ही तोंड भिंतीकडे फिरवायचात. "दुखतं गं. उद्या बघू." एरवी सकाळी तळ्याला चक्कर मारून, येताना आळीतल्या चार घरी डोकावून येणारी बाई! मग त्या खाटेवरून का नाही उठलात, आई? सासूबाई असलात तरी तेव्हा तुम्हाला ओरडावंसं वाटायचं. या वेळी मात्र राग कमी आणि धसका जास्त होता. मीही अशीच बसून राहणार की काय?

प्लास्टर निघालं. एक्स-रेमध्ये हाड छान जुळलेलं दिसलं. व्यायाम घ्यायला येणारी फिजिओ मुलगी म्हणाली, "काकू, आता पूर्ण वजन टाका. आधी टाच, मग चवडा."

"दुखतंय गं."

"कुठे? बोट ठेवून दाखवा."

मी बोट घोट्यावर नेलं, मागे नेलं, पुढे आणलं. ठेवायला जागाच सापडेना! आई, कुठेच दुखत नव्हतं हो. भीती वाटत होती. पण आजी व्हायच्या वयाला आलेल्या बाईनं भीती वाटते असं म्हणायचं कसं? दुखतंय म्हटलं की कुणी पुढे बोलत नाही, उलट पायाखाली उशी आणून देतात. तुमचंही हेच होतं का? मग मला एकदा तरी सांगायचंत!

वॉकर सुटला, काठी आली. भिंतीच्या कडेनं खोल्यांमधून फिरू लागले. पण उंबरठ्याबाहेर पाऊल म्हणून नाही. तुमचा लेक गाडी काढायचा आणि मी म्हणायचे, "उद्या बघू." स्वतःच्याच तोंडून तुमचे शब्द ऐकून दचकायचे.

या वर्षी गौर सायलीनं आणावी, असं मीच जाहीर करून टाकलं. सायली तुमची नातसून. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. नागपूरची आहे, हसरी आहे, उंच आहे. त्यांच्याकडे महालक्ष्म्या बसतात, मुखवट्यांच्या. आपली तेरड्याची गौर तिनं पाहिलेलीच नव्हती. परवा सकाळी हौसेनं बाजारातून तेरडा घेऊन आली आणि थोड्या वेळानं ताम्हनात सजवून माझ्यासमोर धरला.

"मम्मी, बघा किती स्वच्छ केला! मातीची मुळं होती ना, सगळी कापून टाकली."

माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, मुळं म्हणजे गौरीची पावलं!"

तिचा चेहरा असा पडला! ताम्हन खाली ठेवलं आणि रडायलाच लागली. "आधीच तुमचा पाय असा, आणि मी आज देवीचे पाय कापले. मी नाही आणत गौर." कितीही समजावलं तरी ऐकेना. काय करू? त्या पोरीच्या मनात हे कायमचं बसलं असतं.

म्हणाले, "डोळे पूस. मागच्या प्लॉटमध्ये तेरडा उगवतो, तो मुळासकट आणू. गौर मी आणते. चल."

चल म्हणाले खरी, पण जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय शिशाचा झाला. मागून सायलीनं विचारलं, "दुखतंय का?" हो म्हणणं किती सोपं होतं, आई!

"नाही गं. भीती वाटतेय."

"मग मला धरा ना," ती म्हणाली. एवढंच.

तिच्या खांद्यावर हात ठेवून उतरले. खाली कोपऱ्यावर आपली जासईची चंद्राबाई भाजीची टोपली आवरत होती. तुमच्याशी घासाघीस करायची तीच. मला बघून ओरडली, "आगो बाय, वयनी खाली आली! आता हायवेचे ट्रेलर थांबवा रं!"

"हळू बोल, पाय नवा आहे," मी म्हटलं.

"कशाचा हाय?"

"आत स्टील आहे."

"मंग बसून नको ऱ्हाऊ, गंजल!"

सायली रडता रडता हसली. प्लॉटमध्ये चिखल होता. तिनं मला मागून कमरेला धरलं, मी वाकले आणि तेरडा उपटला. लांबलचक मुळं, पांढरी, मातीनं भरलेली! तिनं ती बाळाचे पाय धुवावेत तशी धुतली.

घरात तिनं तांदळाच्या पिठानं पावलं काढली, पण आपल्या उंचीच्या मापानं! एका पावलावरून दुसऱ्यावर माझा पाय पोचेना. ती पटकन खाली बसली आणि दोन पावलांच्या मध्ये आणखी एकेक काढत गेली. मी टाच टेकत, ताम्हन सांभाळत पुढे सरकत होते. तुमचा लेक घंटा वाजवत विचारत होता, "कोण आली?"

"गौर आली."

"कशाच्या पावलांनी आली?"

सोन्याच्या म्हणायचं असतं, ठाऊक आहे मला. पण माझ्या तोंडून आलं, "हळूहळू पावलांनी." तुम्ही असतात तर डोळे वटारले असतेत. की नसते?

आई, तुमच्या खाटेशी वॉकर धरून उभी असताना मी पायाचंच विचारत राहिले. तुम्हीही पायाचंच सांगत राहिलात. आपण दोघी किती जवळ होतो आणि नेमकं बोलायचं तेच राहिलं!

म्हणून एवढा शब्द देते. यापुढे पाऊल अडलं तर दुखण्याचं नाव पुढे करणार नाही. भीती वाटत असेल तर भीती वाटते असंच म्हणेन, आणि जवळ असेल त्याला धरेन. उद्या सकाळी सायलीबरोबर वडाळे तलावापर्यंत, तुमच्या त्या तळ्यापर्यंत, चालत जायचं ठरलंय. आत्तापासून धडधडतंय. तसं तिला सांगून ठेवलंय.

तुमची,
नीलिमा