शलाका गोदीतली

मी, गिरिजा जयसिंगराव सुर्वे, वय वर्षे शहात्तर, राहणार राजेंद्र नगर, इंदूर, पूर्ण शुद्धीवर आणि कुणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. तो ज्यांना पुरेसा वाटत नसेल, त्यांनी माझ्याशी रमी खेळून पाहावी.

१. गेल्या वर्षीचे हिंदी मृत्युपत्र मी रद्द करते. कारण नीट सांगते. माझा जन्म तांबडबेटावरचा, लग्नही तिथेच. बंदराच्या तोंडाशी एवढेसे बेट. आजोबांच्या वेळी तिथे आगबोटी कोळसा भरायला थांबत. पुढे खडक फोडून सुकी गोदी बांधली. जहाज आत घ्यायचे, दरवाजा लावायचा, पाणी उपसायचे आणि तळ दुरुस्त करायचा. माझे वडील आणि यजमान, दोघेही तिथले फिटर. माझी एकुलती एक शलाका तिथेच जन्मली. म्हणून टाइपिस्टला मी कौतुकाने सांगितले, "शलाका, गोदीतली."

त्याने विचारले, "माताजी, शलाका गोद ली?"

"हो भिया, तीच."

मला वाटले, बिचारा आपल्या परीने माझा शब्द म्हणतोय. समुद्र न पाहिलेल्या माणसाला गोदी म्हणजे मांडी, आणि गोद ली म्हणजे दत्तक घेतली. माझ्या पोटच्या मुलीला त्याने कागदावर दत्तक करून टाकले, आणि मी चष्म्याशिवाय सही ठोकली.

२. पुतण्या अभिराम तेव्हापासून विचारतो, "काकी, दत्तकाचा कागद कुठे आहे?" त्याचा डोळा घरावर आहे. त्याला मी पुरून उरेन. पण पन्नाशीची शलाका ओट्याशी उभी राहून म्हणाली, "आई, सच सांग, मी गोद घेतलेली आहे का?" ते मला फार लागले.

३. तर शलाका, ऐक. त्या दिवशी वादळ होते, होडी किनाऱ्याला जाईना. गोदीच्या दवाखान्यात मी कळा देत होते आणि बाहेर जहाजाच्या तळावर हातोडे पडत होते. तुझे बाबा धावत गेले. मुकादमाने काम थांबवले. बेट इतके गप्प मी कधी ऐकले नव्हते. मग तू भोकाड पसरलेस आणि अख्ख्या गोदीने ते ऐकले. पुढे काही वर्षांनी पुन्हा हातोडे थांबले ते कायमचे. जहाजे मोठी झाली, गोदीच्या दारात मावेनात. आत गाळ साचला, टाळे लागले आणि आपण इंदूरला आलो.

४. राजेंद्र नगरचे घर, बँकेतली शिल्लक आणि बेटावरची वडिलांची खोली शलाकाची. रिसॉर्टवाला खोलीसाठी फोन करत राहील. विकायची का, ते तिने ठरवावे. माझे मत विचाराल तर, नाही.

५. गोदीच्या लिलावातून आणलेले, यजमानांनी इथे पोलोग्राउंडला काढलेल्या वर्कशॉपातले लेथ मशीन तिथल्या वाल्मिक मिस्त्रींना. ते म्हणतात, "काकी, ही जहाजवाली मशीन आहे, पंपाचा शाफ्ट दिला की अकड दाखवते." तिची अकड त्यांनीच सांभाळावी.

६. अभिरामला मराठी शब्दकोश. नवा आणून ठेवला आहे. सुरुवात 'ग'पासून करावी.

साक्षीदार: ज्ञानदीप वानखेडे, सुमेधा पटवर्धन. दोघांनी मला सही करताना पाहिले आहे, या वेळी चष्मा लावून.

इंदूर, ९ फेब्रुवारी २०२५

सही:
गिरिजा जयसिंगराव सुर्वे
शलाकाची सख्खी आई