चेंबरमध्ये राहिलेला कापूस

नाना, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्याशी बोलायचं म्हटलं की माझी जीभ अजून टाळूला चिकटते. तुम्ही कधी हात उगारला नाहीत. नुसतं चष्म्यावरून बघायचात आणि म्हणायचात, "शिकेल शे ना तू?" तेवढ्यानेच माझी पाचावर धारण बसायची. धुळ्याच्या कचेरीत मी कायम झालो, साहेबाला उत्तर द्यायला शिकलो, पण पाचोऱ्याच्या स्टँडवर उतरून गावाचा रस्ता धरला की पुन्हा सातवीतला व्हायचो.

नव्वद-एक्क्याण्णव साल असेल. दिवाळीनंतर मी चार दिवसांच्या रजेवर आलो होतो. अक्का बाळंतपणाला माहेरी आलेली. लग्नाला सात वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले होते, त्यामुळे घरात सगळे तिच्याकडे बघून श्वास घ्यायचे. आणि आपल्या पिकअपखाली रोज सकाळी तेलाचा ताटाएवढा काळा डाग पडत होता. इंजिनाच्या तळाशी तेल साठवणारा जो चेंबर, त्याचं पॅकिंग गेलंय, असं तुमचं निदान. अक्काला कोणत्याही घडीला जळगावला न्यावं लागेल, तर गाडी आजच बांधून ठेवू, म्हणालात. तुमची कंबर धरलेली, म्हणून गाडीखाली मी आणि बाजेवर तुम्ही. जाड पुठ्ठ्यावर चेंबर ठेवून हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी तुम्ही नवं पॅकिंग कापलंत, ते घट्ट चिकटावं म्हणून त्याला लाख लावलीत. सगळ्या आळीच्या मोटारी तुमच्या हाताखालून गेलेल्या. तो हात चालताना बघणं मला आवडायचं, हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही.

चेंबर आतून पुसायला तुम्ही जुन्या धोतराचं फडकं दिलंत आणि बजावलंत, "कपास नको लावू. तंतू मझार रही जातस." धागे आत राहिले की इंजिनाची वाट लागते, हे मलाही माहीत होतं. मग तुम्ही जेवायला आत गेलात. फडकं तेलाने चिंब झालं होतं, आणि ओसरीवर नुकताच वेचून आणलेला कापूस छपरापर्यंत रचलेला. मी अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला माणूस. मला वाटलं, कापसाइतकं तेल दुसरं काय शोषणार? मूठमूठ घेतला. कोपऱ्यात तेल साचत होतं तिथे एक मोठा बोळा दाबून ठेवला. तुमची चाहूल लागली तशी घाईघाईने चेंबर वर चढवला आणि नट आवळले.

तुम्ही बाजेवर बसता बसता विचारलंत, "मझारलं बठ्ठं पुसी काढं ना?"

"हा, नाना. सगळं."

तेल भरून झाल्यावर मी काळे बोळे जाळायला गोळा करतो आहे, आणि तो मोठा बोळा त्यात नाही. तो चेंबरमध्येच राहिला होता. सांगावं तर चेंबर पुन्हा उतरवायचा, पॅकिंग फाटणार, आणि तुम्ही चष्म्यावरून बघणार. उद्या तुम्ही शेतात गेलात की गुपचूप उघडू, असं ठरवलं. दुपारी तीनला अक्काच्या कळा सुरू झाल्या.

तुम्ही चालवायला बसलात, शेजारी आई आणि अक्का, मागच्या हौद्यात मी. अख्खा रस्ता मी पत्र्याला कान लावून बसलो होतो. काच ठोकून "थांबा" म्हणायला कितीदा हात उचलला असेल! प्रत्येक वेळी वाटायचं, अजून चालते आहे ना, मग चालेल. अर्ध्या वाटेवर तेलाचा लाल दिवा लागला, इंजिन खडखडलं आणि बंद पडलं. दोन्ही बाजूंना नुसती केळी. आतून अक्का ओरडली, "नाना, काय व्हयनं?" तुम्ही उतरलात, तेल मोजायची कांडी ओढून बघितलीत, तेल पूर्ण होतं. तुमचा चेहरा पांढरा पडला. तुम्ही तिच्यापुढे हात जोडलेत, नाना. "मनी चूक शे, बेटा. लाख जास्ती लागी गयी, जाळीमां अडकनी व्हई." मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं मला वाटत होतं की आई माझ्याकडेच बघते आहे.

केळीच्या एका ट्रकवाल्याने तिघांना नेलं. मी गाडीपाशी थांबलो. बाळ बराच वेळ रडलं नाही, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. अकरा दिवस त्याला दवाखान्यात ठेवलं होतं. ट्रॅक्टरने गाडी घरी ओढून आणली, तेव्हा तुमच्या कमरेचं निमित्त करून चेंबर मीच उतरवला. चेंबरमधलं तेल ज्या जाळीतून इंजिनात चढतं, तिला बोळा घट्ट चिकटला होता. तो खिशात कोंबला आणि बाहेर येऊन म्हणालो, "लाखच होती, नाना." तुम्ही मान हलवलीत. त्यानंतर तुम्ही पान्हा हातात घेतला नाहीत. कुणी मोटार घेऊन आलं की म्हणायचात, "आते नजर ऱ्हायनी नही." तुमची नजर चांगली होती. पाच वर्षांनी तुम्ही गेलात, तोवर सांगायला किती दिवस मिळाले मला! रोज भीतीच वाटली. आधी ओरडा खाण्याची, मग तुम्ही गप्प बसाल याची.

भाचा आता चांगला उंच झाला आहे. काल जेवताना हसत हसत म्हणाला, "मामा, मी जन्मलो त्या दिवशी आजोबांनी गाडी बिघडवून ठेवली होती ना?" अक्का माझ्या पानात भाकरी वाढत होती. मी म्हणालो, "हो रे, म्हातारपण. व्हायचंच." आणि जेवत राहिलो.

म्हणून आज लिहायला बसलो. हे लिहून झालं की चुलीत घालणार आहे, अक्काच्या हाती पडायला नको. तुम्ही जिवंत असतात तर यातली एक ओळही माझ्या हातून उतरली नसती, नाना.