अंगठ्याची हजेरी

२ जून, सकाळ.
आजपासून अंगठ्यावरच्या चामखिळीचा बंदोबस्त. महिनाअखेरीला सेक्शन हेड नेमणार. साहेब हात मिळवणार, फोटो निघणार. वर्षभरात माझी एकही रजा नाही, म्हणजे खुर्ची माझीच. ही म्हणाली, डॉक्टरांना दाखवा. एवढ्याशा चामखिळीला डॉक्टर कशाला? ताईने फोनवर सांगितलं, लसूण ठेचून थोडा वेळ लाव. घरगुती उपाय, साइड इफेक्ट शून्य.

३ जून.
लसूण लावून वर पट्टी बांधली ती दिवसभर ठेवली. अर्धवट काम माझ्या स्वभावात नाही. आग होते आहे, अर्थात गुण येतो आहे.

४ जून.
टपोरा फोड. त्यावर चामखीळ दिमाखात बसली आहे. हिने कपाळाला हात लावला. मी शांतपणे समजावलं की रोग बाहेर पडतोय. वर टूथपेस्ट फासली. गार वाटलं. मग वाटेना.

६ जून.
फोड फुटला, कातडी सोलवटली. दारातलं हजेरीचं मशीन अंगठा ओळखेना. मागे रांग खोळंबली, तेव्हा बाजूला झालो. शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, एचआरला सांगून दुसरं बोट नोंदवा. म्हणजे लसणीची कथा ऑफिसभर! मी खुर्चीत बसलेला सगळ्यांना दिसतोच की. मशीनला कोण विचारतो?

९ जून, संध्याकाळ.
जखम स्वच्छ व्हावी म्हणून लिंबू पिळलं. ब्रह्मांड आठवलं. स्वखुशीने डॉक्टरांकडे गेलो. (हिने दंड धरला होता.) डॉक्टर म्हणाले, भाजलंय. मी म्हटलं, गॅसजवळसुद्धा गेलो नाही. ते म्हणाले, लसणीनेच भाजलंय. चामखिळीचं नंतर बघू.

१६ जून.
नवी कातडी येते आहे. मशीन अजून ओळख दाखवत नाही. फोटोसाठी डावा हात पुढे करण्याचा सराव केला. हिला हसू आवरेना.

३० जून.
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. नवा शर्ट घालून गेलो. सेक्शन हेड शेजारच्या टेबलावरच्या बाई झाल्या. रेकॉर्डप्रमाणे मी सहा तारखेपासून गैरहजर. साहेब म्हणाले, कुठे काही अडलं नाही, म्हणून चौकशी केली नाही. कसंबसं म्हटलं, मी रोज इथेच होतो, त्या खिडकीजवळ.

साहेबांनी काचेतून खिडकीकडे बराच वेळ बघितलं.

"तिथे कुणी बसतं?"

फार वाईट वाटलं. रागाने उद्याची रजा टाकणार होतो. टाकली नाही. कळणार कुणाला?