तेरा नंबरच्या खोलीबाहेरचं बाकडं

बाबा, मागच्या मंगळवारी मी दवाखान्यातल्या त्या बाकड्यावर बसले. ज्यावरून मी तुम्हाला उठवून नेलं होतं, त्याच. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. बाकड्याला आता निळा रंग दिला आहे. दारावरची पाटी तीच आहे, मानसिक आरोग्य विभाग.

सोनाळ्याच्या शाळेतून तुम्ही निवृत्त झालात आणि त्याच वर्षी किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, आणि दिवसभराचं पाणी मोजून. आई सकाळी एक बाटली भरून खिडकीत ठेवायची, चहासुद्धा त्यातच धरायचा. तुम्ही बाटलीच्या बुचाने पाणी प्यायचात. मला ते बघवत नसे. मी स्वयंपाकघरात जाऊन लावलेलीच भांडी पुन्हा लावत बसायची.

मला पाहायला मोताळ्याचे पाहुणे आले ते मे महिन्यात. आजाराचं कळलं तर सोयरीक जुळणार नाही, पोरीलाही असेल म्हणतील, असं काकांनी बजावलं होतं. त्या उन्हात तुम्ही पूर्ण बाह्यांचा सदरा घातलात, हातावरच्या सुयांच्या गाठी झाकायला. मी पाण्याचा ट्रे घेऊन बाहेर येते, पाहुणे पेले उचलतात, आणि माझे होणारे सासरे थांबतात. "घ्या ना मास्तर. तुमी नाई घेतलं त आमी कसं घ्यावं?" तुम्ही पेला उचलता. मग सरबत, मग चहा, निघताना पुन्हा पाणी. "मास्तरची तब्येत पाहा कशी खणखणीत हाय!" ते म्हणाले, आणि सगळे हसले. तुम्हीही. तासाभरात दोन दिवसांचं पाणी तुमच्या पोटात गेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी श्वास पुरेना, आडवं होता येईना, जीप करून न्यावं लागलं. सोयरीक जुळली.

त्यानंतर तुम्ही बोलेनासे झालात. पेपर मांडीवर घेऊन बसायचात, पान उलटत नसे. एकदा मशीनवर असताना तिथल्या नर्सबाईंना म्हणालात, "मी घरावर ओझं होऊन राह्यलो, बाई." त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. "काका, तेरा नंबरमधी जाऊन या. तिथल्या बाई ऐकून घेते. गोळ्याच देतीन असं काही नाही." मी औषधं घेऊन आले तेव्हा तुम्ही बाकड्यावर बसला होतात. चिठ्ठी दोन्ही हातांत धरलेली.

"बाबा, उठा."

"काऊन वं?"

"कोणी पाह्यलं म्हणजे? मोताळ्याचे लोक येते इथं. मास्तर येडे झाले म्हणतीन."

तुम्ही दाराकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. "दोनच माणसं हायेत माय, माह्या पुढं. बसू दे ना थोडं."

मी चिठ्ठी काढून घेतली आणि तुम्हाला धरून उठवलं. सुया टोचायच्या त्या हाताला धरायचं नाही म्हणून नर्सबाईंनी कितीदा सांगितलं होतं, तोच हात होता. तुम्ही "हाव, चाल" एवढंच म्हणालात. घरी आल्यावर चिठ्ठी मागितलीत. मी हरवली म्हणून सांगितलं.

माझ्या लग्नाला तुम्ही उभे होतात. त्यानंतर दीड महिन्याने डायलिसिसच्या गाडीत बसायला तुम्ही नाही म्हणालात. आई रडली, काका चिडले, आणि मी मोताळ्याहून फोनवर तुमच्यावरच रागावले, लहान पोरासारखं काय करता म्हणून. "पोरीचं झालं," तुम्ही म्हणालात, "आता कायले?" नऊ दिवस काढलेत. मास्तर किडनीने गेले असं सगळे म्हणतात. मीही तसंच सांगते.

मला चार वर्षांपासून संधिवात आहे, जन्मभराचा. सकाळी बोटं मिटत नाहीत, कणीक भिजवायला दुसरं कोणी लागतं. ते सोसता येतं. पण या पावसाळ्यात एक दिवस दूध उतू जाताना मी समोर उभी होते, गॅस बंद करायला हात उचलावासाच वाटला नाही. कितीतरी दिवस तसंच चाललं होतं. संधिवाताच्या डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी चिठ्ठी लिहिली. तेरा नंबर.

आतल्या बाईंनी विचारलं, घरी कोणाशी बोलता? मग मी तुमचं सांगायला लागले. पाहुण्यांचं, बाकड्याचं. त्यांनी मध्येच पाण्याचा पेला पुढे केला. तो शेवटपर्यंत मी हातात धरून होते, तोंडाला लावला नाही. अर्धा तास लागला, बाबा. तुमचंही एवढंच काम होतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. कपाटात तुमच्या त्या चिठ्ठीसोबत राहील. ती हरवली नव्हती. पण आणखी एक सांगायचं राहिलं आहे. मी बाहेर आले तर समोर आमच्या गल्लीतली, सासूबाईंकडे रोज बसायला येणारी बाई उभी.

"काऊन वं, इथं कायले आली?"

पाटी माझ्या डोक्यावरच होती. "बाबाचे जुने कागद पाह्याचे होते," मी म्हणाले.

तिने पाटीकडे पाहिलं. आवाज खाली आणला. "मास्तरले होतं का वं असं काही, डोक्याचं?"

मी हो म्हणाले.