भिंतीवरून सरकणारा उजेड

६ नोव्हेंबर २०१६, लिमरिक
मुक्ताने माझी सुरुवात पुन्हा नाकारली. ट्रान्झिशन इयरला, म्हणजे इथल्या बिनपरीक्षेच्या वर्षात, शाळेत सिनेमा करायचाय तिला: परग्रहावरून काहीतरी येतं आणि एका घरात शिरतं. इतकी वर्षं कथा लिहितेय, एवढं जमेल असं वाटलं होतं. पहिल्याच दृश्यात आकाश फाडलं, कुत्री भुंकवली.
"आई, एवढ्या लवकर दाखवलंस तर लोक निवांत चिप्स खात बसतील."
मग दुपारभर मला सोफ्यावर बसवून सिनेमांच्या नुसत्या सुरुवाती दाखवल्या. रिकामी खोली. यंत्रांची घरघर. कुणीतरी अर्धा टाकून गेलेला कॉफीचा मग. कोणी ओरडत नाही. तरी माझे खांदे वर चढलेले. मगाला घाबरले?

९ नोव्हेंबर
मुक्ताचं म्हणणं (ती इंग्रजीत सांगते, इथे माझ्या भाषेत): जे येणार आहे ते दाखवायचंच नाही. ते येणार हे ज्याला ठाऊक आहे, तो माणूस दाखवायचा. प्रेक्षक त्याच्याकडे बघून घाबरतात.
मला हे कथेत कधी सुचलं नाही.
जेवताना अनिरुद्ध मजेत होता. "राक्षस कोण तुमच्या सिनेमात?"
"दिसतच नाही, बाबा."
"वा, बजेट वाचलं!"
तिघंही हसलो. कॅमेरा त्यानेच घेऊन दिलाय तिला, वाढदिवसाला. हेही लिहायला हवं.

११ नोव्हेंबर
शूटिंग आमच्याच स्वयंपाकघरात. घरातली बाई मी. मुक्ताची मैत्रीण ओर्ला बाहेर पावसात टॉर्च घेऊन उभी. यानाचा उजेड खिडकीतून येऊन भिंतीवरून सरकायचा आणि मी घाबरायचं. डोळे मोठे केले, छातीवर हात ठेवला. ओर्ला खिडकीबाहेर हसून हसून वाकली. "ग्रँड होतं," म्हणाली, बिचारी.
मुक्ता: "तू घाबरायची ॲक्टिंग करतेस. काहीच करू नकोस ना. आमटी कर."
आमटी केली. स्पीकरवर गाणं लावलं, गुणगुणलेही. तेवढ्यात अनिरुद्ध शॅननहून, कामावरून लवकर आला. "काय जत्रा भरवलीय घरात?" एवढंच. मग वरच्या खोलीचं दार. ओर्ला गुपचूप निघून गेली.

१३ नोव्हेंबर
अनिरुद्ध अजून बोलत नाही.
मुक्ताने तिच्या खोलीत बोलावून परवाचं फुटेज दाखवलं. कॅमेरा चालूच राहिला होता.
मी आमटी ढवळतेय. भिंतीवरून उजेड सरकतो. टॉर्चचा नाही, गाडीचा. पडद्यावरची बाई वळूनसुद्धा बघत नाही. गाणं बंद करते. ओट्यावरचे लिहिलेले कागद उचलून प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, डब्यांच्या मागे सारते. पुसलेला ओटा पुन्हा पुसते. त्याची खुर्ची सरळ करते. मग उभी राहते, ऐकत.
चेहऱ्यावर काहीच नाही.
"हीच सुरुवात," मुक्ता म्हणाली. "रोज हेच करतेस तू."
मी म्हटलं, दमून येतो गं तो, आवाज सहन होत नाही त्याला. कधी हात उगारलेला नाही.
"उगारतो असं मी कुठे म्हणाले?"
तिने पुन्हा लावलं. या वेळी खिडकीच्या काचेत कॅमेऱ्यामागची मुक्ता दिसली. तीही श्वास रोखून ऐकत होती.

१५ नोव्हेंबर
शुक्रवारी शाळेच्या हॉलमध्ये दाखवणार. अनिरुद्ध सकाळी चहा पिताना सहज बोलायला लागला, काही झालंच नाही असा. येणार म्हणतो, सुट्टीसुद्धा टाकलीय अर्धा दिवस.
मुक्ताला म्हटलं, तेवढं काढ. बाबा ओळखेल.
"मग सुरुवातच उरत नाही, आई."
मग माझ्याकडे न बघता: "काढते. तू म्हणतेस तर."
भांडली असती तर बरं झालं असतं. हा आवाज माझा आहे. कुठून शिकली विचारायला नको.

१६ नोव्हेंबर
ते दृश्य राहू दे म्हटलं तिला.
पण त्याला ते हॉलमधल्या अंधारात, लोकांच्या घोळक्यात कळायला नको. आधी घरी. माझ्या तोंडून. दिवसभर वाक्यं जुळवतेय. "तुला एक सांगायचंय" नको. "तू रागावणार नसशील तर" अजिबात नको. माझ्या सगळ्या सुरुवाती—

१७ नोव्हेंबर
बाहेर अंधार केव्हाच पडलाय. आमटी उकळतेय. ओट्यापाशी उभ्यानेच लिहितेय. गाणं चालू, नेहमीच्या आवाजात. कागद ओट्यावरच. मुक्ता टेबलाशी पुस्तक उघडून बसलीय. कॅमेरा वर, तिच्या खोलीत. मघापासून तिने एकही पान उलटलेलं नाही.
"वर जा गं थोडा वेळ."
"नाही."
उजेड आला. भिंतीवरून, घड्याळावरून सरकला. माझा हात स्पीकरकडे गेलाच. मुक्ताने बघितलं. हात मागे घेतला, त्यात पेन धरलंय.
गाडीचं दार.
गाणं अजून चालू आहे. मुक्ता माझ्याकडे बघतेय, दाराकडे नाही.
किल्ली फिरतेय.