वाटीखालची कंडरा

उज्दा, ३ मार्च १९९६

चि. अल्लाल यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

चार महिने झाले ऑपरेशनला, आणि तुझी एक ओळ नाही. गुडघा बांधला होता रे, हात नव्हे!

मी डॉक्टरांना कसं पटवलं, ते सासूबाई अजून येईल त्याला सांगतात. लादी बसवणाऱ्याकडे कोण लक्ष देतंय? म्हणून मी ठोकून दिलं, भाऊ फुटबॉल खेळतो, मैदानात पडला. गल्लीत ज्या खेचराला वाट देताना तुझा पाय पिरगळला, त्याला मी चक्क समोरच्या संघात घातलं! आले की नाही मग मोठे डॉक्टर धावत?

मशिदीची फरशी कुठवर आली? तुझ्या उस्तादांना, मअल्लम तहामींना, सलाम सांग.

जीव लावून आहे, तेवढं ओळखून असावं.

तुझी बतूलताई

फेज, १४ मार्च

ती. बतूलताईस सा. न. वि. वि.

मशिदीची फरशी माझ्याकडे नाही. मअल्लमनी चार महिने वाट पाहिली, परवा माझी जागा दुसऱ्या कारागिराला दिली.

तुटलेल्या लिगामेंटच्या जागी माझीच कंडरा बसवली आहे, गुडघ्याच्या वाटीखालची. पाय घट्ट आहे, जिने चढतो. गुडघा टेकवला की मात्र काच रुतल्यासारखं होतं. तपासणीत डॉक्टर म्हणाले, गुडघ्यांवर बसायचं काम आहे हे कळतं तर मांडीमागची घेतली असती. खेळाडूंना ही वाटीखालची बसवतात, मजबूत म्हणून. दुखणं जाईल किंवा राहील, असंही म्हणाले.

नमाज म्हाताऱ्यांच्या रांगेत, खुर्चीवर. व्रणाशेजारची कातडी बधिर आहे, सुई टोचली तरी कळत नाही. माझंही तसंच काहीसं झालंय. राग येत नाही, रडू येत नाही. दुपारभर भिंतीकडे बघत बसतो. जेवण जातं.

लोभ आहे तसा ठेवावा.

अल्लाल

उज्दा, २० मार्च

अल्लाल,

आशीर्वाद कुठल्या तोंडाने लिहू? माझ्या जिभेने तुझ्या ताटातला घास काढला. मेलं ते खेचर आणि मेली माझी हुशारी! सतरा वर्षं लादीकामात मुरलेला तुझा हात, आणि मी असं करून बसले. तू शिव्या तरी द्यायच्यास, बरं वाटलं असतं.

पुढच्या शुक्रवारच्या गाडीने येते. मअल्लमचे हात धरीन, डॉक्टरांपुढे खोटं कबूल करीन.

माया आटू देऊ नकोस रे.

बतूल

फेज, २४ मार्च

ती. ताईस सा. न.

ये, पण माफी मागायला येऊ नकोस.

ऑपरेशनआधी तू कागद भरायला खिडकीपाशी गेलीस, तेव्हा डॉक्टरांनी मला एकट्याला पुन्हा विचारलं होतं. कंडरा कुठली घ्यायची ते यावरच ठरतं म्हणाले, दोन्ही समजावल्या, गुडघे टेकताना त्रास होतो तेही सांगितलं. खरंच खेळता ना, असं अगदी आदराने विचारलं. सतरा वर्षांत कुणा मोठ्या माणसाने मला काही विचारलं नव्हतं. मला फार बरं वाटलं, ताई.

मी म्हटलं, हो, उजव्या बाजूने खेळतो. सात नंबर.

तुझाच,
अल्लाल