चारचाकी गाडी आणि तीन पोफळी

सुमंगला,

धाकट्या श्रीनाथला साखळीच्या इस्पितळात नेतोय. कुळागरातून, पोफळींच्या मधल्या अरुंद वाटेने, सुपारी वाहायला एकचाकी ढकलगाडीच बरी, असं मी त्याला सांगत होतो. त्याने डिचोलीहून चारचाकी ढकलगाडी आणली आणि ती आत शिरेना म्हणून आबांनी लावलेल्या तीन पोफळी आज तोडल्या. मी फावड्याच्या दांड्याने त्याचं डोकं फोडलं. त्याआधी त्याने माझे दोन दात पाडले होते, म्हणजे चर्चा अगदीच एकतर्फी झाली नाही.

त्याच्याच गाडीत घालून त्याला घरापर्यंत आणला. वाटेत म्हणाला, "बघ दादा, एकचाकीतून पाडला असतास मला." त्यानंतर तो बोललेला नाही.

रिक्षा दारात आहे. तू तिची जाऊ, प्रियाला फोन तूच कर. तुझा नवरा पोफळीवरून पडला, असं तिला सांगू नकोस. भावोजींनी मारलं, असंच सांग.